कोळंबीची गांध

हात टेबलावर उताणा ठेवायचा. मनगटापासून कोपरापर्यंत पेनाच्या खुणा आणि प्रत्येक खुणेशी एकेक थेंब. कोळंबी, शेंगदाणा, अंडं, दूध. शिवाय दोन थेंब पडताळ्यासाठी. हिस्टामिनच्या थेंबाखाली गांध उठलीच पाहिजे, मिठाच्या पाण्याखाली उठता कामा नये. मग बारीक टोकाने थेंबाथेंबातून कातडीला हलकेच टोचतात. ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधीच बंद केलेल्या असतात, नाहीतर हिस्टामिनची खूणही मख्ख राहील.

आता 15 ते 20 मिनिटं थांबायचं.

कोळंबीच्या खुणेभोवती खाज सुटते, लाली पसरते, मधोमध फिकट फुगवटा येतो. ‘पित्त उठलं’ म्हणत घरोघरी ज्यावर आमसूल चोळतात, तशीच ही गांध. मिठाच्या पाण्याच्या खुणेपेक्षा ती किमान 3 मिलिमीटरने मोठी भरली, तर चाचणी पॉझिटिव्ह.

तयारी मात्र कधीच झालेली असते. पूर्वी केव्हातरी शरीराने या प्रथिनाला शत्रू ठरवून आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार केली, ती मास्ट पेशींवर जाऊन बसली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. आता तेच प्रथिन शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम पकडतं आणि पेशी साठवलेलं हिस्टामिन ओतून टाकते. रक्तवाहिन्या सैलावून पाझरू लागतात. हातावर हे मिलिमीटरांत आटोपतं. अंगभर झालं तर श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो.

दोष रक्तातून वाहतो, हे 1921 मध्ये ब्रेस्लाऊला कळलं. डॉ. हाइन्झ क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांचं सीरम कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. गांध उठली! (असल्या प्रयोगाला आज परवानगी मिळणं कठीणच.) त्यामागचं आयजीई 1966 मध्ये डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने शोधलं.

कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन शिजवूनही टिकतं. खेकड्यात, झुरळात, घरच्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांतही त्याचीच भावंडं असतात. त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्या, पण धर्माज्ञेमुळे कोळंबी कधीच न चाखलेल्या ज्यूंच्या हातांवरही कोळंबीची गांध उठल्याची नोंद आहे. नुसत्या गांधीवरून ताटातली कोळंबी काढून टाकणारा डॉक्टर घाई करतो. खाल्ल्यावर किती वेळात काय झालं, हे आधी विचारायला हवं. उत्तर संदिग्ध असेल तर रुग्णालयातच कोळंबी खायला देतात, कणाकणाने वाढवत, आणि मांडीत टोचायचं ॲड्रेनलिन हाताशी ठेवून.