खिडकीच्या डोक्यावरचा गंज

माझी धाकटी बहीण मुरबाड तालुक्यात दिली आहे. मी राहतो शहापुरास. तीन वर्षांपूर्वी ती माहेरी आली तेव्हा म्हणाली, "दादा, खिडकीच्या वर भिंतीला चीर पडलीय. लाल पाणी पण उतरतं."

मी म्हटले, "सिमेंट कालवा आणि बुजवून टाका."

मास्तरकीत जन्म गेला. कोणी विचारले की लगेच उत्तर द्यायची खोड जडलेली. दाजींनी चीर बुजवली, वर रंगही दिला. पुढच्या पावसाळ्यात चीर पुन्हा उघडली, आणि आधीपेक्षा रुंद. त्यांनी पुन्हा बुजवली. मग श्रावणातल्या एका रात्री गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा, त्याला चिकटलेली अर्धी वीट, खिडकीखालच्या खाटेवर आदळला. त्या खाटेवर तिची नात निजते. त्या रात्री पोरीला ताप होता, म्हणून ती आजीच्या कुशीत होती.

दुसऱ्या दिवशी मी किन्हवली, सरळगाव करीत एस.टी.ने तिकडे गेलो. गावातला म्हातारा गवंडी भिंत बघत उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी, काटा आत ठेवला आणि वरून मलम लावलं."

त्याचे म्हणणे खरे होते. ते कसे, ते सांगतो.

खिडकीच्या जागी भिंतीला भोक असते. वरच्या विटांना खालून आधार हवा. तो देण्यासाठी खिडकीच्या डोक्यावर एक आडवा तुकडा टाकतात. गवंडी त्याला लिंटल म्हणतात. आपल्या जुन्या घरांत तो सागाचा किंवा ऐनाचा असे. कुडाच्या भिंतीला तर त्याची फारशी गरजच नसे. मग विटांची घरे आली. पुष्कळांनी भंगाराच्या दुकानातून जुना लोखंडी अँगल आणला आणि लाकडाऐवजी तोच टाकला. बहिणीच्या घरी असाच अँगल होता. त्याला रंगाचा एक हातसुद्धा दिलेला नव्हता.

लोखंड गंजते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते कशाने गंजते? घरी करून बघा. तीन नवे खिळे घ्या, पुसून कोरडे करा. एक खिळा कोरड्या बाटलीत टाका, सोबत कळीच्या चुन्याचा खडा टाका, आणि बूच घट्ट लावा. दुसऱ्या बाटलीत खिळ्यावर उकळून थोडे निवलेले पाणी ओता, वर गोडेतेलाचा थर सोडा. तिसऱ्या बाटलीत साधे पाणी घाला, पण खिळा बुडेल न बुडेल इतकेच. आठवड्याने पाहा. तिसरा खिळा तांबडा झालेला दिसेल. पहिल्याला हवा होती, पण ओल नव्हती. दुसऱ्याला पाणी होते, पण हवा नव्हती. गंजायला दोन्ही लागतात. आणि पाण्यात मीठ असले तर गंज फार लवकर चढतो.

मिरग लागला की आपल्याकडे चार महिने हवा आणि ओल दोन्ही भरपूर. पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून मारते. म्हणून त्या बाजूच्या खिडक्या आधी बिघडतात. जुनी माणसे त्या भिंतीला पेंढ्याचा आडोसा करीत, ते उगीच नव्हे.

आता मुख्य गोष्ट. गंज हा लोखंडापेक्षा फुगीर असतो. जितके लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून जास्त जागा गंज घेतो. कधी कधी सहापटही घेतो. भिजत घातलेले वाल कसे फुगतात? वाल गच्च भरून वर पाणी घातले आणि काचेच्या बाटलीला घट्ट बूच मारले, तर बाटली फुटेल. भिंतीत तसेच होते. गंज फुगतो, वरच्या विटा उचलतो, आणि आडवी चीर पडते. आपण ती सिमेंटने बुजवतो. पण फुगणारी वस्तू आतच राहते. पाऊस केसाएवढ्या फटीतून आत जातो, आणि वरच्या लेपामुळे आतली ओल लवकर सुकत नाही. माझ्या सल्ल्याने नेमके हेच झाले.

कोणी विचारतात, दिल्लीचा लोखंडी खांब सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे, तो कसा गंजत नाही? त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे त्यावर एक पातळ साय धरते, ती आतले लोखंड राखते. भंगारातल्या अँगलला असली साय धरत नाही. त्याला रंगच हवा.

तुमच्या खिडकीचे काय, ते बघायला पैसे लागत नाहीत. लिंटलच्या रेघेत आडवी चीर आहे का? खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी चीर वर गेली आहे का? खिडकीचे पान वरून घासते का? गिलाव्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. पक्क्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाज आला तर आधी खाट तिथून हलवा. बाकीचे सावकाश.

मग गिलावा छिन्नीने काढून अँगल उघडा करा. टोकदार खिळ्याने टोचा. नुसता वरवर गंज असेल तर काम सोपे आहे. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासा, लोखंड चकाकेपर्यंत. डोळ्यांवर चष्मा असू द्या, गंजाचे कण वाईट. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्या, कारण आपल्या हवेत उघडे लोखंड रात्रीतून पुन्हा तांबूस होते. वाळल्यावर तेलरंगाचे दोन हात द्या.

पण पापुद्रे सुटत असतील, खिळा आत जात असेल किंवा अँगल वाकला असेल, तर तो बदलावाच लागतो. इथे घाई करू नका. खिडकीवरच्या सगळ्या भिंतीचा भार लिंटलवर नसतो. विटा एकमेकींवर रेलतात, आणि मधला त्रिकोण तेवढा लिंटलवर बसतो. म्हणून सडलेला अँगलही पुष्कळ दिवस टिकल्यासारखा दिसतो. तो ओढून काढला की तो त्रिकोण अंगावर येतो. आधी आतून बाहेरून धिरे लावा. छपराची तुळई नेमकी खिडकीवर टेकली असेल तर तिलाही धिरा द्या. हे काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्या. आमच्या दाजींना वाटत होते, एका दुपारचे काम आहे. गवंड्याने त्यांना खाली बसवले.

नवा अँगल टाकायचा तर जस्ताचा मुलामा दिलेला घ्या. त्याहून बरे म्हणजे सळया घालून काँक्रीटचे लिंटल जमिनीवर ओतून घ्यावे. चार फुटांची खिडकी असेल तर लिंटल पाच फुटांचे करा, म्हणजे दोन्ही बाजूंना भिंतीवर सहा सहा इंच बसेल. सळया साच्याच्या तळाला टेकू देऊ नका. खाली इंचभर उंचीचे सिमेंटचे ठोकळे ठेवा. सळईभोवती इंचभर पक्के काँक्रीट असले की गंज लांब राहतो, कारण सिमेंटमधला चुन्यासारखा गुण लोखंडाला राखतो. मीठ मात्र तो गुण मोडते. म्हणून खाडीची खारी रेती नको. धुतलेली गोडी रेती किंवा खडीची कच घ्या. ओतल्यावर निदान दहा दिवस पाणी मारा.

हे काम शिमग्यानंतर काढावे, मिरगाच्या आधी पुरे होते. बहिणीकडे पावसाळा होता, म्हणून दिवाळीपर्यंत धिऱ्यावर दिवस काढले आणि ती खोली बंद ठेवली.

एक राहिलेच. अशा लिंटलच्या मुख्य सळया खालच्या अंगाला असतात, कारण भार आला की ताण खाली पडतो. लिंटल उलटे बसले तर सळया असून नसल्यासारख्या. साच्यातून काढल्यावर वरखाल ओळखू येत नाही. म्हणून काँक्रीट ओले असतानाच वरच्या अंगावर खिळ्याने दोन अक्षरे कोरायची: 'वर'. बहिणीच्या लिंटलवर ती तिच्या नातीने कोरली.