एका वसाहतीतून दुसरीकडे : पियो गामा पिंटो यांची जडणघडण

नागपूर : परदेशगमन म्हटले की आज डोळ्यांपुढे येते ते उच्च शिक्षण किंवा मोठ्या पगाराची नोकरी. परंतु गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जो स्थलांतराचा ओघ सुरू होता, त्यामागे पोटापाण्याच्या प्रश्नाबरोबरच कधी कधी राजकारणही असे. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात आणि पुढे तेथील संसदेत नाव कमावलेले गोमंतकीय नेते पियो गामा पिंटो यांचे पूर्वायुष्य हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

पिंटो यांचा जन्म ३१ मार्च १९२७ रोजी नैरोबीत झाला. केनिया तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. तेथील समाजरचना वर्णावर आधारलेली होती. सर्वांत वर युरोपीय, सर्वांत खाली आफ्रिकी आणि मधल्या पायरीवर भारतीय. सुपीक उंच पठारावरची जमीन केवळ गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवलेली होती. सरकारी कचेऱ्यांतील कारकुनी मात्र मोठ्या प्रमाणावर गोमंतकीयांकडे असे. पिंटो यांचे वडीलही सरकारी सेवेत होते. वयाच्या आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी गोव्यात पाठविण्यात आले.

गोव्यातील हडफडे येथे शालेय शिक्षण आणि पुढे धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात दोन वर्षे विज्ञानाचा अभ्यास, अशी त्यांची वाटचाल झाली. १९४४ मध्ये ते शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून हवाई दलात दाखल झाले. त्यानंतर मुंबईत टपाल व तार खात्यात नोकरी धरली. येथेच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले, असे म्हणता येईल. १९४६ ची मुंबई धगधगत होती. फेब्रुवारीत नौसैनिकांचे बंड झाले, पुढे टपाल कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. कामगारांच्या एकजुटीची ताकद विशीच्या उंबरठ्यावरील पिंटो यांनी संपात उतरून जवळून पाहिली.

त्याच वर्षी १८ जून रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदीचा हुकूम मोडला आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याला नवे तेज चढले. पिंटो गोवा राष्ट्रीय काँग्रेसच्या कार्यात सामील झाले. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, मात्र गोवा पोर्तुगीजांच्याच ताब्यात राहिला. सालाझारच्या राजवटीत विरोधकांना थेट हद्दपार केले जाई. टी. बी. कुन्हा यांना पोर्तुगालमधील तुरुंगात धाडण्यात आले होते. अटलांटिक महासागरातील काबो व्हर्दे बेटांवरची ताराफालची छळछावणी तर कुप्रसिद्धच होती. तीच पाळी आपल्यावर येणार हे दिसू लागल्यावर १९४९ मध्ये पिंटो यांनी केनिया गाठला.

म्हणजेच हे स्थलांतर उपजीविकेसाठी नव्हते, तर अटक टाळण्यासाठी होते. नियतीचा विरोधाभास असा, की पोर्तुगीजांच्या वसाहतीतून निसटलेला हा तरुण ब्रिटिशांच्या वसाहतीत जाऊन पोहोचला. मधल्या पायरीवर बसून सुखाने कारकुनी करणे त्यांना अशक्य नव्हते. तथापि, मुंबई आणि गोव्यात घेतलेला धडा ते विसरले नाहीत. ‘डेली क्रॉनिकल’ या वृत्तपत्राचे संपादन, भारतीयांच्या काँग्रेसचे काम आणि आफ्रिकी कामगार चळवळीशी संबंध, असा त्यांचा व्याप वाढत गेला. माऊ माऊ उठावाला मदत केल्याच्या संशयावरून जून १९५४ मध्ये त्यांना अटक झाली. विवाहाला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. मांडा बेटावरील स्थानबद्धता आणि त्यानंतरची नजरकैद यांतून त्यांची सुटका १९५९ मध्ये झाली. सालाझारची छावणी चुकली, पण बेटावरचा बंदिवास काही चुकला नाही!

१९६३ मध्ये पिंटो मध्यवर्ती विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला केनिया स्वतंत्र झाला आणि १९६४ मध्ये ते तेथील प्रतिनिधिगृहाचे सदस्य झाले. भूमिहीनांना जमीन मिळावी, हा त्यांचा आग्रह नव्या सत्ताधाऱ्यांनाही अडचणीचा ठरत होता. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत राहत्या घराच्या फाटकाजवळ त्यांची गोळ्या झाडून हत्या करण्यात आली. लहानगी मुलगी त्या वेळी मोटारीतच होती. त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते. या प्रकरणात एकाला शिक्षा झाली. त्याची सुटका २००१ मध्ये झाली. हत्येमागचे सूत्रधार मात्र कधीच न्यायालयापुढे आले नाहीत.

केनियाने २००८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या टपाल खात्याच्या संपात त्यांनी लढ्याचे पहिले धडे गिरवले, ते मुंबईचे होते. आपल्याकडे मात्र हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. परदेशी गेलेल्या भारतीयांच्या यशाचे मोजमाप आपण बहुधा संपत्ती आणि पदांवरून करतो. जिथे राहायला गेलो तेथील सर्वांत खालच्या माणसाच्या बाजूने उभे राहणे, हेही एक मोजमाप असू शकते. पिंटो यांनी त्याची पुरेपूर किंमत मोजली.