नव्वद दिवसांचा विराम

१४ एप्रिल २०२० रोजी विहारांची दारे बंद होती. परदेशस्थ आम्हां आंबेडकरी कुटुंबांनी बाबासाहेबांची जयंती संगणकाच्या पडद्यावर साजरी केली. बुद्धवंदना सुरू असताना कोणी अनोळखी सभेत घुसून विटंबना करील काय, ही धास्ती मात्र मनात होती.

ती निराधार नव्हती. झूम हे साधन मुख्यतः कार्यालयीन बैठकांसाठी घडविलेले. डिसेंबर २०१९ मध्ये त्यावरील दैनंदिन सहभाग फार तर एक कोटी होता. मार्च २०२० मध्ये तो वीस कोटींवर गेला. शाळा भरू लागल्या, शोकसभा होऊ लागल्या आणि सुरक्षेतील उणिवा उघड्या पडल्या. १ एप्रिल रोजी कंपनीने नव्या सुविधांचे काम ९० दिवस थांबवून सर्व अभियंते सुरक्षेच्या कामास लावल्याचे जाहीर केले.

पुढे प्रश्न आला समतेचा. कंपनीलाही संभाषण ऐकता येऊ नये, अशी एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची सुविधा प्रथम केवळ पैसे भरणाऱ्यांना मिळणार होती. टीका झाल्यावर, १७ जून रोजी, ती विनामूल्य वापरणाऱ्यांनाही देण्याचे ठरले.

वेग म्हणजेच प्रगती, असे आम्ही अभियंते मानत आलो. महामारीने शिकविले की थांबून दुरुस्ती करणे हाही उत्पादनविकासच आहे आणि सुरक्षा ही ऐपतीप्रमाणे वाटण्याची वस्तू नव्हे. आज आपल्या समाजातील अनेक मुलेमुली अशा कंपन्यांत काम करतात. ‘ज्याच्यापाशी पैसे नाहीत, त्याचे काय?’ हा प्रश्न तेथील बैठकीत आपणच विचारला पाहिजे.