बोंडअळी आणि निसर्गाची निवड

पेरणीसाठीं शेतकरी टपोरें बीं निवडून ठेवितो. तशीच निवड निसर्गांतही होते, असें डार्विननें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें. भेद इतकाच कीं, निसर्गाच्या निवडीमागें हेतु नसतो. जो तगतो त्याचा वंश वाढतो.

भारतांत २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली. तिच्या अंगच्या विषानें गुलाबी बोंडअळ्या मरत. परंतु सर्व अळ्या एकसारख्या नसतात. क्वचित् एखादीस तें विष जन्मतःच बाधत नसे. इतर मेल्या, ती वांचली आणि तिचाच वंश पसरला. २०१७ सालीं विदर्भांत दोन जनुकांच्या बीटी कपाशीचेंही अतोनात नुकसान झालें. एकेक अळी विषास सरावली असें नव्हे. ज्यांस विष बाधत नव्हतें त्यांचीच निवड झाली.

बीटीशेजारीं साधी कपाशी लावण्यास सांगितलें जातें तें याचसाठीं. तीवर वाढलेल्या पतंगांशीं संकर झाला म्हणजे हा गुण विरळ राहतो. तिची हेळसांड झाली, म्हणून निवड जलद घडली. आतां वांचलेल्या अळ्यांस शेतांत आश्रय देणें म्हणजे त्यांचें बियाणें आपणच राखणें होय. सबब फरदड घेऊं नये. हंगाम सरतांच पऱ्हाट्या उपटून नष्ट कराव्या.