तुमची याडी याला काय म्हणायची?

आज बोलूया घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलीबद्दल.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात बंजाऱ्यांचे कितीतरी तांडे आहेत. तांड्यावर आईला ‘याडी’ म्हणतात आणि बोलीला गोरमाटी. लेक नोकरीला पुण्या-मुंबईला गेला की हातपाय थकलेली आजीही मागोमाग जाते. तिथं सून मराठीत बोलते, नातू शाळेतलं इंग्रजी बोलतो. आजी गप्प बसते. आपलं बोलणं गावंढळ, चारचौघांत नको, असं तिच्याही मनात बसलेलं असतं.

पण गोरमाटी ही राजस्थानी बोलींच्या कुळातली भाषा आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या लमाणांनी ती दक्षिणेत आणली. तिला स्वतःची लिपी नाही. म्हणून आपल्याकडे ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, तर कर्नाटकात कन्नड लिपीत.

होळीची लेंगी, तीजेची गाणी, ढावलो हे सगळं आजीच्या तोंडी असतं. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून रडत गायचं गाणं. त्याचा अर्थ मराठीत सांगता येतो, पण ते गावं लागतं गोरमाटीतच.

मग काय करायचं? आजीला तांड्यावरच्या तिच्या वयाच्या मैत्रिणीला फोन लावून द्या. बोलता बोलता विसरलेले शब्द आपोआप येतात. रात्री जेवताना नातवाला एक गोष्ट तिच्या बोलीत सांगू द्या. त्यानं मुलाचं मराठी बिघडत नाही; लहान मुलं दोन-तीन भाषा सहज शिकतात. गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला आजीचं नाव, तांडा आणि ते गाणं कधी म्हणतात, एवढं तिच्याच तोंडून येऊ द्या. अवघड शब्दांचे अर्थ वहीत लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३३ लाख लोकांची मातृभाषा ‘लमाणी/लंबाडी’ आणि सुमारे १६ लाखांची ‘बंजारी’ अशी नोंदली गेली. नावं वेगळी पडली, म्हणून आकडेही वेगळे पडले. आणि दोन्ही हिंदीच्या खात्यात धरले गेले. लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली, ती जनगणनेच्या लेखी मातृभाषा. येणाऱ्या इतर दोन भाषा वेगळ्या लिहिल्या जातात. म्हणजे मातृभाषा खरी सांगितली तरी आपलं मराठी कुठं जात नाही. मोजणीला माणूस दारात आला, की आजीची भाषा कोणती, हे आजीलाच सांगू द्या. बोलीचं नाव काय सांगायचं, ते तांड्यानं आधीच बसून ठरवावं.

आज संध्याकाळी भाकरी करताना आजीला जवळ बसवा. चुलीकडे, पिठाकडे, पाण्याकडे बोट दाखवा आणि विचारा, “तुमची याडी याला काय म्हणायची?”