पाचशे वर्षांनी काय उरेल?

हल्ली एखादा चित्रपट 'अजरामर' ठरायला शुक्रवार ते रविवार एवढा अवधी पुरतो. सोमवारी गल्ल्याचे आकडे छापून येतात आणि पुढच्या शुक्रवारी दुसरा अजरामर चित्रपट लागतो. यात नाक मुरडण्याचा माझा हेतू नाही. मीही हौसेने तिकीट काढतो, घरी बसून एखाद्या मालिकेचे पाच-सहा भाग सलग पाहतो आणि सकाळी डोळे चोळत कामाला लागतो. पण असा शेवटचा भाग संपून पडदा काळा झाला की मनात येते, हे सारे आणखी पाचशे वर्षांनी कोणाला ठाऊक असेल का?

तेवढेच मागे गेलो तर आपण एकनाथांच्या शतकात पोहोचतो. त्या वेळी लोक करमणुकीवाचून राहत होते असे थोडेच आहे? वासुदेव, गोंधळी, भुत्या, गारुडी, कोल्हाटी अशी सारी मंडळी रस्त्यावर आणि अंगणात होती. त्यांच्यातला कोण सर्वांत लोकप्रिय होता, कोणाच्या खेळाला गाव लोटत असे, हे आज सांगता येणार नाही. एकाचेही नाव उरलेले नाही. तरीही ते खेळ कसे असत याची कल्पना आपल्याला आहे, कारण नाथांनी त्यांची सोंगे आपल्या भारुडांत घेतली. परमार्थ सांगण्यासाठी त्यांना रस्त्यावरच्या माणसाचा आवाज हवा होता. ती भारुडे आजही वारीत आणि जत्रेत रंगतात. म्हणजे मूळ खेळ करणारा गेला. दुसऱ्याने आपल्या कामासाठी जे उचलले, ते राहिले.

होनाजी बाळाचेही तसेच. उत्तर पेशवाईतला हा पुण्याचा गवळी शाहीर. त्याचे नाव गाजले ते लावणीमुळे, रात्रीच्या फडामुळे. पण घराघरांत टिकली ती त्याच्या नावावर असलेली भूपाळी. रात्रभराच्या तमाशातून नेमकी पहाट तेवढी शिल्लक राहावी, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. पुढे १९५१ साली व्ही. शांताराम यांनी 'अमर भूपाळी' काढला आणि वसंत देसाईंच्या संगीतातून होनाजी पुन्हा सगळीकडे पोहोचला. पण चित्रपट निघेपर्यंत ती तग धरून राहिली कोणाच्या जिवावर? सकाळी चूल पेटवता पेटवता ती म्हणणाऱ्या बायकांच्या. त्यांना आपण काही जतन करीत आहोत याची कल्पनाही नसावी.

मग यंत्र आले, आणि आता काहीही हरवणार नाही अशी लोकांची समजूत झाली. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. चार रिळांचा तो चित्रपट आज आपल्याकडे पूर्ण नाही. जी रिळे उरली, तीही १९१३ची की फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पुढच्या वीसेक वर्षांत आपल्या देशात हजारावर मूकपट निघाले. त्यांतले आज पाहायला मिळणारे अगदी थोडे. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. देशाचा तो पहिला बोलपट. त्याची छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत. चित्रपट मात्र नाही. त्यातला एक शब्दही आज आपल्याला ऐकता येत नाही.

हे कसे झाले? त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती उष्णतेने पेट घेई, दमट हवेत कुजून चिकट होई. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटाला कोण विचारतो? गोदामाचे भाडे भरण्यापेक्षा रिळे भंगारवाल्याला देणे परवडत असे, कारण फिल्मच्या थरात चांदी असते आणि ती काढता येते. कितीतरी नायक-नायिका अशा धुतल्या गेल्या. त्या चांदीचे पुढे कोणाचे पैंजण झाले असतील, कोणाचे निरांजन! यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. हे कोणाला पुन्हा पाहावेसे वाटेल, ही शंकाच कोणाला आली नाही, इतकेच.

पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर पन्नास वर्षांनी. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे मिळेल ते गोळा केले म्हणून एवढे तरी हाती लागले. आणि जपून ठेवलेलेही सुरक्षित असते असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटच्या कितीतरी रिळांची राख झाली.

आवाजाचे नशीब जरा बरे. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आपल्याकडे आहेत. पण त्या ऐकून बालगंधर्व कळतात का? नाटक रात्रभर चाले, एकेका पदाला 'वन्समोअर'वर 'वन्समोअर' मिळत, आणि मुद्रिकेच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांची जागा. ज्यांनी त्यांना रंगभूमीवर पाहिले ते जुने लोक मुद्रिका ऐकून हळहळत, याचा अर्थ मला फार उशिरा लागला. स्त्रीभूमिकांसाठी ज्यांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, ते प्रभातच्या 'धर्मात्मा'त (१९३५) दिसतात ते पुरुषाच्या भूमिकेत. आणि भूमिका कोणाची, तर एकनाथांची!

'गीतरामायण' मात्र वेगळ्या वाटेने टिकले. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी छप्पन्न गीते दिली. गाणे प्रसारित झाले की ते वर्तमानपत्रात छापून येई. लोक कात्रणे ठेवीत, पेटीवर वाजवून पाहत, मुलांकडून पाठ करून घेत. पुढे बाबूजींनी स्वतः गावोगावी कार्यक्रम केले. आकाशवाणीचे एकूण एक ध्वनिमुद्रण उद्या नाहीसे झाले तरी 'गीतरामायण' जाणार नाही, असे मी छातीठोकपणे म्हणेन. हेच मला गेल्या वर्षी गाजलेल्या कोणत्याही मालिकेबद्दल म्हणता येत नाही.

आता सगळे 'नेटवर' आहे, त्यामुळे चिंता नको, असे तरुण मंडळी सांगतात. तिथे खरोखर पुष्कळ आहे, आणि त्याचा आनंद मी रोज घेतो. पण आपण आता काही विकत घेत नाही, भाड्याने पाहतो. करार संपला की मालिका यादीतून नाहीशी होते. घरोघरच्या माळ्यावर लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट बुरशी धरून पडल्या आहेत. त्या लावायला यंत्रच उरलेले नाही. माणसे तीस वर्षांत स्वतःचे लग्न पाहू शकत नाहीत, तिथे पाचशे वर्षांच्या गोष्टी कोणी कराव्यात?

मला त्याहून मोठी शंका आहे ती वेगळीच. १९८७-८८ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागे तेव्हा रस्ते ओस पडत. सगळे घर, शेजारपाजारही एकाच पडद्यासमोर. दुसऱ्या दिवशी शाळेत मुले धनुष्यबाण घेऊन तेच खेळत. आज एकाच घरात चौघे चार पडद्यांवर चार गोष्टी पाहतात, कानांत बोंडे घालून. चांगल्या गोष्टी पाहतात, हेही खरे. आजच्या काही मालिका त्या वेळच्या मालिकांपेक्षा कितीतरी सरस आहेत. पण जेवताना एकाने दुसऱ्याला त्यातले काही म्हणून दाखवावे, नक्कल करावी, तर समोरच्याने ते पाहिलेलेच नसते.

तरी मी निराश नाही, आणि त्याचे कारण भजनी मंडळांच्या वह्यांत आहे. देवीच्या किंवा गणपतीच्या गीताच्या डोक्यावर तिथे बारीक अक्षरात 'चाल' असे लिहून पुढे एखाद्या चित्रपटगीताचे नाव दिलेले असते. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदांवर अशाच चाली नोंदलेल्या आहेत, कुठे लावणीची, कुठे कानडी पदाची. त्यांतली कितीतरी मूळ गाणी माझ्या ओळखीच्या एकाही गाणाऱ्याला येत नाहीत. नाटकाचे पद मात्र येते. २०१६च्या 'सैराट'मधल्या 'झिंगाट'वर मी वरातीत बँड ऐकला आहे, मिरवणुकीत ढोल ऐकला आहे. उद्या त्या चालीवर कोणी देवीचे गाणे बसवले, तर वहीत तशीच एक ओळ येईल: चाल – 'झिंगाट'. चित्रपट कोणाचा, संगीत कोणाचे, हे त्यात नसेल. पण गाणाऱ्या बायका ताल बरोबर धरतील.