तुळस का वाळते?

दारातली तुळस वाळली की घरात कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतो दृष्ट लागली. कुणी नव्या सुनेला बोल लावतो. आमच्या घरीही असेच झाले. सून बिचारी रडकुंडीला आली. शेवटी आम्ही तुळस उपटून पाहिली. मुळे काळी पडून कुजली होती. घरात माणसे सात. जो तो आंघोळ करून तांब्याभर पाणी घाली! आणि डब्याच्या बुडाला भोक नव्हते. पाणी जाणार कुठे? मुळांनाही हवा लागते. माती सदा ओली राहिली की ती गुदमरतात. यात सुनेचा काय दोष?

मग आम्ही खिळ्याने बुडाला चार भोके पाडली. त्यांवर खापराचे तुकडे ठेवले. माती, थोडी वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत घालून नवे रोप लावले. डबा उन्हात ठेवला. आता मातीत बोट घालून बघतो. कोरडी लागली तरच पाणी. तेही एकानेच घालायचे, बाकीच्यांनी नुसते हात जोडायचे.

मंजिऱ्या आल्या की खुडाव्या. बी धरले की झाड थकते. दोन-चार मंजिऱ्या मात्र वाळू द्या. तुळस फार वर्षे टिकत नाही. बी हाताशी असले, तर पावसाळ्याच्या तोंडाला नवी रोपे करता येतात.